हेतू नका विचारू, हितसंबंध विचारा: ह्यूस्टनमधल्या मराठी मंडळींना खुले पत्र

ह्यूस्टनमधल्या मराठी बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र वॉशिंग्टनला न पाठवता मी आपल्याला लिहितो आहे, कारण तेल हा आपल्या घरातला विषय आहे. केटीपासून शुगरलँडपर्यंत आपली जी वस्ती पसरली आहे, तिथल्या कितीतरी घरांचे हप्ते तेलाच्या पगारातून फिटतात. कुणी शेलमध्ये आहे, कुणी बीपीत, कुणी हॅलिबर्टनमध्ये, तर कुणी पंप आणि व्हॉल्व्ह पुरवणाऱ्या लहानशा कंपनीत. माझीही उमेदीची वर्षं याच धंद्यात गेली. रिगवर उन्हातान्हात उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे, आणि तेलाशिवाय जग उद्या सकाळी चालणार नाही हेही मला ठाऊक आहे. मला बोलायचं आहे ते २००३ च्या इराक युद्धाबद्दल आणि ते सुरू करणाऱ्या माणसांच्या तेलधंद्याशी असलेल्या नात्याबद्दल.

आपल्यात हा विषय निघाला की दोन बाजू पडतात. एक म्हणते, "ते तेलासाठीच होतं, शेंबडं पोरही सांगेल." दुसरी म्हणते, "मग तेल आणलं कुठे? विहिरी तर चिन्यांना मिळाल्या." दोन्हीकडची माणसं शहाणी आहेत, पण वाद नेमका याच जागी थांबतो आणि आपण जेवायला बसतो. मला वाटतं, हेतूवर भांडत राहिल्यामुळे आपल्या हाताशी असलेली गोष्ट निसटते. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश किंवा उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या मनात काय होतं, हे कोणी कधीच सिद्ध करू शकणार नाही. त्यांचे हितसंबंध कोणते होते, कंत्राटं कोणाला आणि कशी मिळाली, आणि कायद्यानं त्यांना का अडवलं नाही, याची उत्तरं मात्र कागदावर आहेत. ती सगळी उघड आहेत. आपण ती एकत्र ठेवून वाचलेली नाहीत, एवढंच.

२००१ साली व्हाइट हाउसमध्ये कोण बसलं होतं ते आठवा. धाकट्या बुशनी १९७७ मध्ये मिडलंडला 'आर्बुस्टो' नावाची तेलकंपनी काढली होती. ती पुढे दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, ती कंपनी १९८६ मध्ये हार्केन एनर्जीनं घेतली आणि बुश हार्केनच्या संचालक मंडळावर गेले. समुद्रात विहीर खोदण्याचा अनुभव नसलेल्या या हार्केनला जानेवारी १९९० मध्ये बहारिननं समुद्रातल्या तेलशोधाचा परवाना दिला, तेव्हा थोरले बुश राष्ट्राध्यक्ष होते. त्याच वर्षी जूनमध्ये धाकट्या बुशनी हार्केनचे आठ लाख अठ्ठेचाळीस हजार डॉलरचे शेअर विकले. रोखे आयोगानं या विक्रीची चौकशी केली आणि कारवाई न करता ती बंद केली. थोरल्या बुशची स्वतःची कमाईसुद्धा झपाटा या टेक्ससच्या तेलकंपनीतून झालेली होती.

कॉन्डोलिझा राइस १९९१ पासून दहा वर्षं शेव्हरॉनच्या संचालक होत्या. शेव्हरॉननं आपल्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं होतं. त्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाल्यावर २००१ मध्ये ते नाव बदलून 'अल्टेअर व्हॉयेजर' करण्यात आलं. वाणिज्यमंत्री डॉन इव्हान्स हे टॉम ब्राउन या तेल-वायू कंपनीचे प्रमुख होते. पुढे काबूल आणि बगदादला राजदूत झालेले झल्मे खलीलझाद यांनी नव्वदच्या दशकात युनोकॅल या तेलकंपनीसाठी सल्लागार म्हणून काम केलं होतं. आणि उपाध्यक्ष डिक चेनी १९९५ ते २००० या काळात तेलविहिरींना सेवा आणि सामान पुरवणाऱ्या हॅलिबर्टनचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते.

एखादा माणूस तेलधंद्यातून आला म्हणून तो वाईट, असं मी म्हणूच शकत नाही. मग माझं आणि तुमचं काय? पण राष्ट्राध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सुरक्षा सल्लागार, तिघंही एकाच धंद्याशी जोडलेली, आणि ज्या देशावर सैन्य धाडायचं त्याच्या पोटात तेव्हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा समजला जाणारा तेलसाठा, असा योग असेल तर कोणत्याही जागरूक लोकशाहीत पहिला प्रश्न हितसंबंधांचाच यायला हवा होता. ऑक्टोबर २००२ मध्ये काँग्रेसनं युद्धाला मान्यता दिली, प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी. त्या चर्चेत सामूहिक संहाराच्या शस्त्रांवर तासन् तास बोललं गेलं. ती शस्त्रं सापडली नाहीत.

इराकचं तेल म्हणजे काय, हे आपल्यातल्या अभियंत्यांना वेगळं सांगायला नको, पण घरच्यांसाठी थोडक्यात लिहितो. सिद्ध साठा तेव्हा ११२ अब्ज बॅरल धरला जायचा. रुमैला, वेस्ट कुर्ना, मजनून, किर्कूक ही प्रचंड मोठी क्षेत्रं, बरीचशी सपाट जमिनीवर, खोदायला सोपी, उपशाचा खर्च जगातल्या सर्वात कमी खर्चांपैकी. १९७२ मध्ये राष्ट्रीयीकरण झाल्यापासून पाश्चात्त्य कंपन्या बाहेर होत्या. १९९० पासून निर्बंध होते, म्हणून नव्या विहिरी, नवी यंत्रं जवळजवळ नव्हती. अशा अवस्थेत सद्दामनं पुढचे करार कोणाशी केले? वेस्ट कुर्नासाठी रशियाच्या ल्युकऑइलशी, अहदाबसाठी चिन्यांशी. आपल्या ओएनजीसी विदेशलाही २००० मध्ये इराकच्या दक्षिणेकडच्या वाळवंटातला आठव्या क्रमांकाचा ब्लॉक मिळाला होता. अमेरिकन कंपन्या यात कुठेच नव्हत्या. निर्बंध उद्या उठले असते आणि सद्दाम गादीवर असता, तर त्या कंपन्यांना दारात उभं राहून बघावं लागलं असतं.

चेनींना हे गणित नीट कळत होतं. १९९९ मध्ये लंडनला इन्स्टिट्यूट ऑफ पेट्रोलियममध्ये केलेल्या भाषणात त्यांनी ते मांडलंही होतं: मागणी वर्षाला दोन टक्क्यांनी वाढते, जुन्या विहिरी किमान तीन टक्क्यांनी आटतात, म्हणजे २०१० पर्यंत जगाला दिवसाला आणखी पाच कोटी बॅरल तेल लागेल. ते येणार कुठून? जगातलं दोन तृतीयांश तेल आणि सर्वात कमी खर्च असलेला मध्यपूर्व हाच शेवटी खरा ठेवा आहे, पण तिथली मालमत्ता सरकारांच्या हातात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मी ते भाषण वाचलं तेव्हा त्यात मला काही काळंबेरं दिसलं नाही. तेलकंपनीचा कोणताही प्रमुख असंच बोलला असता. त्या काळात आपल्या प्रत्येक बैठकीत हीच आकडेमोड चालायची. पण चौदा-पंधरा महिन्यांत तोच माणूस उपाध्यक्षाच्या खुर्चीत बसला. डोळे तेच, नकाशा तोच, फक्त आता हाताखाली जगातलं सर्वात बलाढ्य सैन्य होतं.

जानेवारी २००१ मध्ये, शपथविधीला दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, चेनींच्या अध्यक्षतेखाली ऊर्जा धोरणाचा गट नेमला गेला. त्यात बाहेरचं कोण येऊन भेटलं, हे जनतेला कळू नये म्हणून हे सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं. काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयानं माहितीसाठी दावा लावला, तो डिसेंबर २००२ मध्ये फेटाळला गेला. दुसरा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००४ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला गेला. शेवटी ती नावं न्यायालयाच्या हुकमानं बाहेर आलीच नाहीत. पण वाणिज्य खात्याकडून जुलै २००३ मध्ये काही कागद सुटले, त्यात इराकची तेलक्षेत्रं, पाइपलाइनी आणि शुद्धीकरण कारखाने दाखवणारा नकाशा होता, आणि मार्च २००१ ची एक यादी होती: इराकच्या तेलक्षेत्रांची कंत्राटं मागणाऱ्या परदेशी कंपन्यांची. त्याच गठ्ठ्यात सौदी आणि अमिरातीचेही नकाशे होते, म्हणून एवढ्यावरून युद्धाचा कट सिद्ध होतो असं मी म्हणणार नाही. ऊर्जा धोरण लिहिणाऱ्याच्या टेबलावर नकाशे असणारच. माझा आक्षेप लपवण्याला आहे. लोकांच्या धोरणासाठी कोणाचा सल्ला घेतला हे लोकांना सांगता येत नसेल, तर तो सल्ला कोणाच्या फायद्याचा होता हे तरी लोकांनी कसं ओळखायचं?

आता पैशाचं. हॅलिबर्टन सोडताना चेनींचा काही पगार पुढच्या वर्षांत मिळायचा ठरला होता. २००१ मध्ये त्यांना त्यापोटी दोन लाख पाच हजार डॉलर मिळाले, २००२ मध्ये एक लाख बासष्ट हजार. शिवाय न वापरलेले ४,३३,३३३ स्टॉक ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावात शेअर घेण्याचे हक्क, त्यांच्या नावे होते. सप्टेंबर २००३ मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत त्यांनी सांगितलं की हॅलिबर्टनमध्ये माझा कसलाही आर्थिक हितसंबंध नाही. त्याच महिन्यात काँग्रेसच्या संशोधन सेवेनं सिनेटर फ्रँक लाउटेनबर्ग यांना लेखी कळवलं की असा लांबणीवर टाकलेला पगार आणि असे ऑप्शन हे पूर्वीच्या मालकाशी टिकून राहिलेले आर्थिक संबंधच मानले जातात.

चेनींची बाजूही सांगायला हवी. पगाराची रक्कम आधीच ठरलेली होती, तिचा त्यांनी विमा उतरवला होता, त्यामुळे हॅलिबर्टन बुडाली असती किंवा फुगली असती तरी त्यांना तेवढेच पैसे मिळाले असते. ऑप्शनचा करोत्तर नफा धर्मादाय संस्थांना देण्याचा करार त्यांनी केला होता. हे सगळं खरं धरलं तर युद्धानं त्यांच्या खिशात थेट एक डॉलरही गेला नाही. मी ते मान्य करतो. आणि तरीही माझी शंका फिटत नाही, कारण त्यांनी हॅलिबर्टनच्या मदतीशिवाय या देशाचं सैन्य लढूच शकणार नाही अशी व्यवस्था त्याआधीच उभी करून ठेवली होती.

ती गोष्ट १९९२ ची. तेव्हा चेनी संरक्षणमंत्री होते. परदेशात सैन्य गेलं की त्याचं जेवण, तंबू, कपडे धुणं, इंधन, सगळं एका खाजगी कंपनीकडे सोपवता येईल का, याचा अभ्यास करायला पेंटॅगॉननं हॅलिबर्टनच्याच ब्राउन अँड रूटला ३९ लाख डॉलर दिले. अभ्यासाचा निष्कर्ष अनुकूल आला. आणि त्याच वर्षी 'लॉगकॅप' नावाचं ते पहिलं कंत्राट ब्राउन अँड रूटलाच मिळालं. तीन वर्षांनी संरक्षणमंत्री त्याच कंपनीचे प्रमुख झाले. डिसेंबर २००१ मध्ये, चेनी उपाध्यक्ष असताना, लॉगकॅपचं तिसरं कंत्राट पुन्हा त्याच कंपनीला गेलं, जिचं नाव तोवर केबीआर झालं होतं. इराकमध्ये त्या एका कंत्राटाची उलाढाल अब्जावधी डॉलरची झाली. हे सगळं कायद्यात बसत होतं. म्हणूनच मी इथे कायद्याबद्दल बोलतो आहे.

बनाटीन ग्रीनहाउस हे नाव आपल्यातल्या किती जणांनी ऐकलं आहे? माझ्या मते या युद्धाच्या कहाणीतलं हे सर्वात मोलाचं नाव आहे. त्या लष्कराच्या अभियंता दलात कंत्राटांच्या सर्वोच्च नागरी अधिकारी होत्या. इराकच्या तेलविहिरींच्या आगी विझवणं, पाइपलाइनी दुरुस्त करणं, इंधन पुरवणं, या कामाचं कंत्राट ८ मार्च २००३ ला, म्हणजे पहिला बॉम्ब पडायच्या आधी, केबीआरला देण्यात आलं. निविदा मागवली नाही. कमाल मर्यादा सात अब्ज डॉलर. मुदत पाच वर्षं. ग्रीनहाउस यांनी सांगितलं की आणीबाणी असेल तर एक वर्ष पुरे, पाच वर्षं विनानिविदा देणं गैर आहे. फेब्रुवारीत पेंटॅगॉनमध्ये या कामाची बैठक भरली तेव्हा केबीआरची माणसं खोलीत बसलेली पाहून त्यांनी त्यांना बाहेर पाठवायला लावलं. कंत्राटावर सही करण्याची वेळ आली तेव्हा सहीच्या शेजारी त्यांनी आपला आक्षेप स्वतःच्या हातानं लिहिला.

त्याच दिवसांतला, ५ मार्चचा, अभियंता दलाच्या एका अधिकाऱ्याचा ईमेल पुढच्या वर्षी उघड झाला. त्यात या कामाचा समन्वय उपाध्यक्षांच्या कार्यालयाशी झाला आहे, म्हणून अडचण येणार नाही, अशा अर्थाचं वाक्य होतं. उपाध्यक्षांच्या कार्यालयाचा खुलासा असा की ती फक्त जाहीर घोषणेची पूर्वसूचना होती. खुलासा खरा असेलही. पण ज्या उपाध्यक्षाची ती जुनी कंपनी, त्याच्या कार्यालयाला त्या फाइलीची चाहूलसुद्धा लागायला नको होती.

पुढचं ऐका. केबीआरनं कुवेतहून इराकमध्ये पेट्रोल नेलं, त्याचे गॅलनला अडीच डॉलरच्या वर लावले. डिसेंबर २००३ मध्ये पेंटॅगॉनच्याच लेखापरीक्षकांनी सांगितलं की ही जादा आकारणी ६ कोटी १० लाख डॉलरपर्यंत असू शकते. कंपनीनं ते नाकारलं. पूर्ण कंत्राटावर लेखापरीक्षकांनी २६ कोटी ३० लाख डॉलरच्या बिलांवर बोट ठेवलं होतं. २००६ च्या सुरुवातीला लष्करानं त्यातली जवळजवळ सगळी बिलं मंजूर केली. आणि ही बिलं भागवण्यासाठी इराकच्या विकास निधीतला, म्हणजे इराकच्याच तेलविक्रीतला पैसाही मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. तेलाच्या विहिरींवर बसलेल्या माणसांना त्यांच्याच तेलाच्या पैशातून कुवेतचं महाग पेट्रोल विकलं गेलं.

ग्रीनहाउस यांनी जून २००५ मध्ये सिनेटच्या डेमोक्रॅटिक सदस्यांसमोर साक्ष दिली की आपल्या कारकिर्दीत इतका उघड गैरप्रकार आपण पाहिलेला नाही. दोन महिन्यांत त्यांना पदावरून खाली उतरवण्यात आलं. २०११ मध्ये सरकारनं त्यांच्याशी तडजोड करून ९ लाख ७० हजार डॉलर दिले. दरम्यानच्या सहा वर्षांत त्यांनी जे सोसलं असेल त्याची भरपाई त्या चेकनं झाली असेल असं मला वाटत नाही.

"विहिरी चिन्यांना मिळाल्या" या युक्तिवादाचं उत्तर इथेच आहे. २००९ चे लिलाव मी बारकाईनं पाहिले. रुमैला बीपी आणि चीनच्या सीएनपीसीला बॅरलमागे दोन डॉलर शुल्कावर गेलं, वेस्ट कुर्नाचा पहिला भाग एक्सॉनमोबिल आणि शेलला, दुसरा पुन्हा ल्युकऑइलला. अमेरिकन कंपन्यांच्या वाट्याला थोडंच आलं, हे अगदी खरं. इराकी तेलमंत्रालयानं आपला मालकी हक्क सोडला नाही, याबद्दल तिथल्या तंत्रज्ञांचं आणि बसऱ्याच्या तेल कामगार संघटनांचं कौतुक करायला हवं. पण युद्धाचा पैसा फक्त बॅरलमध्ये मोजला तर चूक होते. धंद्यातली माणसं म्हणून आपल्याला माहीत आहे की विहिरीच्या मालकापेक्षा पुष्कळदा विहिरीला सामान पुरवणारा आधी आणि खात्रीनं कमावतो. तेल लागो न लागो, रिगचं भाडं चालूच असतं. इराकमध्ये सैन्य जितके दिवस राहिलं तितके दिवस बिलं निघत राहिली.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी २००७ मध्ये आत्मचरित्रात लिहिलं की इराक युद्ध बऱ्याच अंशी तेलासाठी होतं, हे सर्वांना माहीत असलेलं सत्य बोलणं राजकीयदृष्ट्या गैरसोयीचं झालं आहे. गदारोळ झाल्यावर त्यांनी खुलासा केला की सरकारचा हेतू तो होता असं मला म्हणायचं नव्हतं, सद्दामला हटवणं जगाच्या तेलपुरवठ्यासाठी आवश्यक आहे असं माझं स्वतःचं मत होतं. मध्यवर्ती बँकेचा माजी प्रमुखसुद्धा हेतूच्या प्रश्नावर मागे सरकतो. म्हणून म्हणतो, त्या प्रश्नाच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

बसरा म्हटलं की आपल्या आजीला मोती आठवायचे. सातारा आणि कोकणातल्या काही घरांना मात्र दुसरंच काही आठवत असेल. जून १९१४ मध्ये ब्रिटिश संसदेनं अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचा ५१ टक्के हिस्सा सरकारसाठी विकत घ्यायला मान्यता दिली. चर्चिल तेव्हा नौदलाचे मंत्री होते आणि जहाजं कोळशावरून तेलावर आणायची होती. पाच महिन्यांत, पहिलं महायुद्ध पेटल्यावर, ६ नोव्हेंबर १९१४ ला, भारतीय सैन्याची सहावी पूना डिव्हिजन शत-अल-अरबच्या मुखाशी फाओला उतरली. पहिल्याच तुकड्यांत ११७ वी मराठा पलटण होती, मागून १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आली. त्याच कंपनीचा इराणमधल्या आबादानचा तेल कारखाना आणि पाइपलाइन वाचवणं हे त्या मोहिमेचं एक उघड कारण होतं. तुर्कांना रोखणं आणि अरब शेखांवर वचक ठेवणं हीही कारणं होती. तेल एकटं नव्हतं. बसरा पडलं, मग बगदादचा मोह झाला, आणि शेवटी कुत-अल-अमाराला पाच महिने वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार जण तुर्कांच्या कैदेत गेले. वाळवंटातून चालत नेताना त्यातले कितीतरी वाटेतच मेले. त्या शेतकऱ्यांच्या पोरांना अँग्लो-पर्शियन कंपनीचा हिस्सा कोणाकडे आहे हे कोणी सांगितलं असेल का? ऑगस्ट १९१८ मध्ये मात्र युद्धमंत्रिमंडळाचे सचिव मॉरिस हँकी परराष्ट्रमंत्र्यांना लिहीत होते की तेलपुरवठ्यावर ताबा हे ब्रिटनचं प्रथम दर्जाचं युद्धोद्दिष्ट झालं पाहिजे.

२००३ मध्ये अमेरिकेनं भारताकडे पुन्हा एक डिव्हिजन मागितली. १४ जुलैला वाजपेयी सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवायला नकार दिला. त्याआधी एप्रिलमध्ये लोकसभेनं या युद्धाविरुद्ध एकमतानं ठराव केला होता. मी तेव्हा इथे होतो, आणि त्या नकाराचा मला फार अभिमान वाटला. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पोरं दुसऱ्यांदा त्या वाळूत गेली नाहीत.

भारत या बाबतीत धुतल्या तांदळासारखा आहे असंही नाही. सद्दाम तेलाच्या चिठ्ठ्या, म्हणजे ठरावीक तेल विकत घेण्याचे हक्क, वाटून परदेशी राजकारण्यांना आपलंसं करत होता असं इराकच्या तेलविक्रीतल्या गैरव्यवहारांची संयुक्त राष्ट्रांसाठी चौकशी करणाऱ्या २००५ च्या व्होल्कर अहवालानं म्हटलं, आणि त्यात परराष्ट्रमंत्री नटवरसिंग यांचं नाव आलं. त्यांनी आरोप नाकारले. पण खातं गेलं, आणि डिसेंबरपर्यंत मंत्रिपदही गेलं. तेलानं विरोधकही विकत घेता येतात आणि समर्थकही, त्यामुळे मी जे मागतो आहे ते कोणत्याही पक्षाला लागू व्हावं असं आहे.

अमेरिकेच्या फौजदारी कायद्यात कलम २०८ आहे. सरकारी कर्मचाऱ्याचा, त्याच्या जोडीदाराचा किंवा अज्ञान मुलाचा ज्या बाबीत आर्थिक हितसंबंध आहे, त्या बाबीच्या निर्णयात त्यानं भाग घेणं हा गुन्हा आहे. खरेदी विभागातल्या कारकुनाला तो लागू आहे. मंत्र्यांना लागू आहे. २०१७ मध्ये एक्सॉनमोबिलचे प्रमुख रेक्स टिलरसन परराष्ट्रमंत्री झाले तेव्हा त्यांना आपला सुमारे १८ कोटी डॉलरचा कंपनीतला हक्क वेगळ्या ट्रस्टमध्ये टाकावा लागला आणि शेअर विकण्याचं बंधन घ्यावं लागलं. राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्षांना मात्र हे कलम लागू नाही. न्याय खात्यानं १९७४ मध्ये तसं मत दिलं, आणि १९८९ मध्ये काँग्रेसनं ती सूट कायद्यात स्पष्ट लिहिली. युद्धाचा हुकूम देणारा माणूस आणि त्याचा उत्तराधिकारी, नेमके हे दोघे बाहेर.

आपल्या गावाकडे काय आहे? महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ सांगतं की पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा आहे, तो सदस्य राहू शकत नाही. गटाराच्या कामात भावकीचं नाव निघालं तर सदस्याचं पद जाऊ शकतं, प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांसमोर चालतं. त्या कायद्यातून पळवाटा काढणारेही पुष्कळ आहेत, पण निदान तत्त्व तरी लिहिलेलं आहे.

या सुटीच्या बाजूनं एकच दमदार युक्तिवाद आहे. राष्ट्राध्यक्षाला बाजूला होता येत नाही. त्याचं काम दुसरा कोण करणार? तो मला पटतो. म्हणूनच त्याला निर्णयातून बाजूला व्हायला सांगू नका, शपथेआधी हितसंबंध विकायला सांगा. जिमी कार्टरनी आपलं शेंगदाण्याचं गोदाम ट्रस्टकडे सोपवलं होतं, तेही कायद्याचं बंधन नसताना. आज ती गोष्ट सर्वस्वी त्या त्या माणसाच्या इच्छेवर आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ट्रम्प यांनी सिरियाबद्दल सरळ सांगितलं की तेल आम्ही ठेवतो आहोत. तेलावरच्या ताब्याबद्दल आता लपवाछपवीही उरलेली नाही, आणि कलम २०८ होतं तिथेच आहे.

प्रतिनिधिगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी होते. आपल्या मतदारसंघातले उमेदवार मंडळांच्या दिवाळीला येतात, शाल घेतात, आपल्याबरोबर फोटो काढतात. यावेळी त्यांना व्हिसाबद्दल जरूर विचारा, आणि सोबत हे विचारा: राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्षांची कलम २०८ मधली सूट काढून शपथेआधी शेअर, ऑप्शन आणि थकीत पगार मोकळा करण्याची सक्ती करणाऱ्या विधेयकाला आपण मत द्याल का? युद्धकाळात विनानिविदा दिलेल्या कंत्राटाला एका वर्षाची मर्यादा घालाल का? आणि ग्रीनहाउस यांच्यासारखा आक्षेप कोणी फाइलीवर लिहिला, तर तो तीस दिवसांत काँग्रेसच्या समितीपुढे ठेवणं बंधनकारक कराल का?

तेलकंपनीत नोकरी आहे म्हणून हे विचारायला कचरू नका. उलट तुम्ही विचारलंत तर उमेदवाराला "तुम्हाला हा धंदा कळत नाही" असं म्हणता येणार नाही. उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. मिळालं तर मंडळाच्या सगळ्या सभासदांना पाठवा, नाही मिळालं तर तेही कळवा.

आपला,
ह्यूस्टनमधला एक निवृत्त ड्रिलिंग इंजिनिअर